सातारा झालं, इंदूर फेब्रुवारीत: मधले वीस आठवडे कसे पळायचे

प्रश्न थोडक्यात असा: वय 43, घर इंदूरच्या राजेंद्र नगरात, नोकरी दहा ते सहा. गेल्या फेब्रुवारीत इंदूरची हाफ मॅरेथॉन (21.1 किलोमीटर) 2 तास 14 मिनिटांत झाली, सप्टेंबरात साताऱ्याची हिल हाफ, म्हणजे घाटातली हाफ मॅरेथॉन, 2 तास 38 मिनिटांत. आता पुन्हा फेब्रुवारीत इंदूर, आणि या वेळी 2 तास 10 मिनिटांच्या आत यायचंय. आठवड्यातून चार दिवस पळणं होतं, मिळून 32 किलोमीटर, सगळं किलोमीटरला 6:30 मिनिटांच्या आसपास. वेळ काही सुधारत नाही आणि उजव्या नडगीला आतल्या बाजूने ठणका लागतो. मधल्या काळात आठवडा कसा बसवावा?

अडचण तुमच्याच आकड्यांत दिसते आहे. इंदूरच्या हाफचा पेस (एका किलोमीटरला लागलेला वेळ) काढला तर किलोमीटरला 6:21 येतो आणि रोजचं पळणं 6:30 ने. म्हणजे आठवड्यातून चारदा तुम्ही शर्यतीपेक्षा जेमतेम नऊ सेकंद हळू पळता. हा वेग मोठा फसवा असतो. घाम निथळतो, मेहनत झाल्याचं समाधान मिळतं, पण दम वाढवायला तो गरजेपेक्षा जास्त आणि वेग वाढवायला अपुरा. शिवाय पायांना सावरायला एकही दिवस मिळत नाही. स्नायू दोन-तीन दिवसांत सावरतात, हाडाला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागतो, म्हणून कुरकुर आधी नडगीच करते. 2:10 साठी किलोमीटरला 6:09 लागेल. बारा सेकंदांची सुधारणा वीस आठवड्यांत होण्यासारखी आहे. मात्र त्यासाठी आधी बहुतेक दिवस आजच्यापेक्षा मिनिटभर हळू पळावं लागेल. हे ऐकायला उलटं वाटतं आणि अंगवळणी पडायला महिना जातो.

आधी साताऱ्याचं देणं फेडा. ती शर्यत यवतेश्वरच्या घाटाने चढते आणि त्याच वाटेने उतरते. चढाने दम काढला, पण खरं नुकसान उताराने केलं. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक लावत असतो, आणि अशा कामात स्नायूंचे धागे सगळ्यात जास्त फाटतात. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागतो. ते दुखणं आठवड्यात जातं, ताकद परतायला मात्र आणखी आठ-दहा दिवस लागतात. पहिला आठवडा फक्त चालणं, हवं तर सायकल. दुसऱ्या आठवड्यात तीनदा 4-5 किलोमीटर, अगदी रमतगमत. तिसऱ्यात चारदा, मिळून 20-22. या तीन आठवड्यांत घड्याळ बघून पळायचं नाही.

आणि नेमका याच सुमारास गरबा येतो. इंदुरात नवरात्रात दोन-दोन तास गरबा खेळून सकाळी ‘आज ईझी रन आहे’ म्हणणारे पुष्कळ. दोन तासांच्या गरब्यात पोटरीवर शेकडो छोट्या उड्या पडतात, त्याही बहुतेकदा अनवाणी आणि फरशीवर. तो कठीण वर्कआउटच आहे. खेळा, जरूर खेळा. पण दुसऱ्या दिवशी पळू नका, आणि नऊच्या नऊ रात्री खेळणार असाल तर त्या आठवड्याचं पळणं निम्मं करा. तुमच्या नडगीसाठी तर एक दिवसाआड खेळणंच बरं.

चौथ्या आठवड्यात वेग मोजून घ्या. साताऱ्याच्या वेळेवरून पेस ठरवता येत नाही, कारण घाटाचा हिशेबच वेगळा. आणि फेब्रुवारीची वेळ आता जुनी झाली. 400 मीटरच्या कुठल्याही ट्रॅकवर, आतल्या लेनमध्ये, साडेबारा फेऱ्या म्हणजे 5 किलोमीटर. दोन किलोमीटर हळू पळून अंग गरम करा, मग सुरू. पहिल्या दोन फेऱ्या मुद्दाम आवरून घ्या. सगळ्यांची चूक तिथेच होते: पहिली फेरी 2:05 ला, आठवी 2:30 ला, आणि मग चाचणीतून काहीच कळत नाही. तुमचा अंदाज 29 मिनिटांचा धरू; म्हणजे दर फेरी 2:19. ट्रॅकवर घड्याळाच्या जीपीएसवर विसंबू नका, वळणांवर तो अंतर चुकवतो. फेऱ्या मोजा आणि साधं स्टॉपवॉच लावा.

5 किलोमीटरच्या वेळेला 4.6 ने गुणलं की हाफचा बऱ्यापैकी अंदाज येतो (10 किलोमीटरच्या वेळेला 2.2 ने). 29 मिनिटे गुणिले 4.6 म्हणजे 133 मिनिटांच्या थोडं वर, जवळपास तुमचेच 2:14. 2:10 साठी 5 किलोमीटर सव्वाअठ्ठावीस मिनिटांत यायला हवं. म्हणजे काम पंचेचाळीस सेकंदांचं आहे. हा गुणाकार दम धरण्याची तयारी गृहीत धरतो, हे मात्र लक्षात असू द्या. ज्याचं रविवारचं अंतर कधी 12 च्या पुढे गेलंच नाही, त्याचं 5 किलोमीटर कितीही छान असलं तरी हाफच्या सोळाव्या किलोमीटरला त्याचा आकडा कोसळतो.

आता 5 किलोमीटरच्या 5:48 या पेसवरून बाकीचे वेग काढू. ईझी म्हणजे त्यात दीड ते दोन मिनिटं मिळवून: 7:18 ते 7:48. टेम्पो (जोराचा, पण सलग टिकवता येईल असा वेग) म्हणजे पंधरा ते वीस सेकंद मिळवून: 6:03 ते 6:08. छोटे जलद तुकडे 5:48 लाच. ईझीचा आकडा बघून तोंड वाकडं होईल, म्हणून घड्याळापेक्षा एक सोपी कसोटी सांगतो: बाराचा पाढा मोठ्याने म्हणा. ‘बारा दुणे चोवीस, बारा त्रिक छत्तीस’ असं दोन-दोन पायऱ्या एका दमात सहज म्हणता आल्या तर वेग बरोबर. प्रत्येक पायरीनंतर श्वास घ्यावा लागला तर तुम्ही टेम्पोच्या जवळ गेलात. पायरी मधेच तुटली तर तो शर्यतीचा वेग. लोक बघतात, बघू द्या.

मनगटावरच्या घड्याळातला हार्ट रेट याला पर्याय नाही, विशेषतः थंडीत. डिसेंबरच्या पहाटे हाताच्या कातडीतलं रक्त आत ओढलं जातं, सेन्सरला नाडी नीट सापडत नाही आणि तो हाताच्या झोक्यालाच नाडी समजून बसतो. पावलं मिनिटाला 168 पडत असतात आणि घड्याळ नाडी 168 दाखवतं. ईझी रनच्या सुरुवातीलाच आकडा 165-170 वर जाऊन खिळला आणि तुम्ही मात्र आरामात गप्पा मारत असाल, तर तो आकडा पावलांचा आहे. पट्टा मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, जरा घट्ट बांधला तर फरक पडतो. छातीचा पट्टा घेतलात तर प्रश्नच मिटतो.

आठवड्याचा साचा असा ठेवा. सोमवारी पूर्ण सुट्टी. मंगळवारी वेगाचं काम, अंग गरम करण्या-निववण्यासकट 8-9 किलोमीटर. बुधवारी 5 ईझी, किंवा नडगी कुरकुरत असेल तर तेवढाच वेळ सायकल. गुरुवारी 8 ईझी, त्याच्या शेवटी स्ट्राइड (20 सेकंदांच्या छोट्या जलद धावा) किंवा चढ. शुक्रवारी सुट्टी. शनिवारी 4-5 किलोमीटर, अगदी मोकळं. रविवारी लांब. बेरीज 36-42. कामामुळे पाच दिवस जमत नसतील तर शनिवारचं आधी सोडा, मग बुधवारचं. मंगळवार, गुरुवार, रविवार हे तीन खांब हलवू नका. मंगळवारचा बुधवार झाला तर चालेल, पण एखादा दिवस हुकला म्हणून तो दुसऱ्या दिवसात कोंबायचा नाही. हुकलेली तालीम भरून काढण्याच्या नादात होणाऱ्या दुखापती मला तालमीतल्या दुखापतींपेक्षा जास्त दिसतात.

किलोमीटर वाढवताना दर आठवड्याला दहा टक्क्यांचा नियम सगळे सांगतात. तो काही दगडावरची रेघ नाही, आणि 20 किलोमीटरवाल्याला तो फार कंजूष पडतो. त्यापेक्षा तीन आठवडे चढत जायचं आणि चौथा उतरवायचा: 28, 31, 34, मग 26, त्यानंतर 34, 37, 40, मग 30. उतरत्या आठवड्यात दिवस तेवढेच ठेवा, अंतर कापा. दुसरी गोष्ट: कोणतंही एक धावणं गेल्या महिन्यातल्या सर्वांत लांब धावण्यापेक्षा दोन किलोमीटरहून जास्त वाढवू नका. आठवड्याची बेरीज सांभाळून एकाच रविवारी 12 वरून 18 वर उडी मारणारे बरेच असतात, आणि नडगीला बेरीज कळत नाही.

मंगळवार जवळून बघू, कारण तिथेच जास्त गडबड होते. पहिले 15 मिनिटं ईझी, तेही 7:45 ने. मग चालत-चालत पाय मोकळे: पुढे-मागे दहा झोके, आडवे दहा, गुडघे वर उचलत 20 मीटर, टाचा मागे मारत 20 मीटर. ताणून धरायचे स्ट्रेच इथे नकोत. मग 15-15 सेकंदांच्या दोन मोकळ्या धावा. मुख्य काम पहिल्या तीन आठवड्यांत 3 वेळा 8 मिनिटं टेम्पो, मधे 2 मिनिटं हळू जॉग. पुढच्या टप्प्यात 2 वेळा 12 मिनिटं, मधे 3 मिनिटं. त्यापुढे 20 मिनिटं सलग. शेवटी 10 मिनिटं अगदी हळू.

पहिला तुकडा 6:08 ला सुरू करा आणि तिसरा 6:03 ला संपवा. पहिल्या तुकड्याच्या शेवटी ‘हे तर सोपं गेलं’ असं वाटलं पाहिजे. तिथे हुरळून 5:50 ला पळालात तर रक्तात लॅक्टेट (जोराच्या मेहनतीत स्नायूंत तयार होणारा पदार्थ) साचतं, तिसऱ्या तुकड्यात खांदे वर येतात, पाऊल जड पडतं आणि टेम्पो म्हणून काढलेलं वर्कआउट रडतरखडत इंटरव्हल (तुकड्या-तुकड्यांनी जोरात पळणं) होऊन जातं. टेम्पो संपल्यावर आणखी एक तुकडा करता आला असता, असं वाटलं पाहिजे; हीच त्याची खूण. 5:48 चे जलद तुकडे (5 वेळा 3 मिनिटं, मधे 2 मिनिटं जॉग) पहिल्या दोन महिन्यांत दर तिसऱ्या मंगळवारी पुरेत. हाफवाल्याची पोळी टेम्पोवर भाजते.

गुरुवारचे स्ट्राइड लोक उगाच वगळतात. 8 किलोमीटर ईझी झाल्यावर सपाट रस्त्यावर 20 सेकंद वेग वाढवत न्यायचं, शेवटी जोरात पण ताण न घेता, मग मिनिटभर चालायचं. असं सहा वेळा. मिळून दोन मिनिटांचंच काम, पण हळू पळून-पळून घासत चाललेलं पाऊल त्याने पुन्हा उचललं जातं. दर दुसऱ्या गुरुवारी त्याऐवजी चढ घ्या. वडोदऱ्याच्या लोकांना चढासाठी उड्डाणपूल शोधावा लागतो. आपलं इंदूर माळव्याच्या पठारावर उंचसखल वसलेलं असल्याने तशी अडचण नाही. पितृ पर्वताचा रस्ता आहे, बिजासन टेकडी आहे (नवरात्रात तिकडे फिरकू नका, जत्रा असते). पण रोजच्या सरावाला कॉलनीच्या आसपासचा दीड-दोनशे मीटरचा, गाडी न्यूट्रलमध्ये सोडली तर आपणहून घरंगळेल असा चढ पुरतो. 45 सेकंद वर, 8 वेळा. छाती उघडी, नजर वीस पावलं पुढे, हात कोपरातून मागे. उतरताना चालायचं. साताऱ्यानंतर आणि नडगीच्या दुखण्यात उतारावर पळत येण्याची घाई अजिबात नको.

रविवारी सुपर कॉरिडॉर बरा. रस्ता रुंद, सरळ, आणि चौराहे लांब-लांब. मेट्रोच्या पुलाला लागून पळालात तर जीपीएसचा पेस कधीकधी वेडावाकडा दिसतो, तेव्हा दर किलोमीटरची सरासरी बघा, क्षणाक्षणाचा आकडा नको. पळताना समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूला राहायचं. मात्र एकाच काठाने 16 किलोमीटर काढू नका. रस्ता पाणी वाहून जावं म्हणून मधे फुगीर आणि कडेला उतरता असतो. सतत त्याच उतारावर एक पाय खाली पडतो, घोटा तिरका होतो. दुखणं फक्त उजव्या नडगीला असेल तर हे आधी तपासा: तुमचा उजवा पाय नेहमी एकाच उतारावर पडतो का? जाताना-येताना बाजू आपोआप बदलेल असा, रहदारी नसलेला आतला रस्ता सापडला तर उत्तम.

लांब धावणं 12 पासून सुरू करून जानेवारीत 18 पर्यंत न्या. त्याहून जास्त गरज नाही. तुमच्या ईझी वेगाने 18 किलोमीटर म्हणजे सव्वादोन तास, आणि त्यापुढे मिळणारा फायदा कमी, सावरायचा काळ मोठा. दर तिसऱ्या रविवारी शेवटचे 4-5 किलोमीटर 6:10-6:15 ने पळा. थकल्या पायांनी शर्यतीचा वेग ओळखायला शिकणं ही गोष्ट मंगळवारी शिकता येत नाही.

रविवार बिघडण्याचं इंदुरी कारण म्हणजे शनिवारची रात्र. सराफ्यात (इंदूरचा रात्रीचा खाऊबाजार) रात्री साडेबाराला गराडू (तळलेला कंद) आणि रबडी, दीडला झोप, साडेपाचला गजर. तळलेलं पोटात, झोप चार तास, आणि आठव्या किलोमीटरला झाडी शोधायची वेळ. उपदेश करून सराफा कुणी सोडत नाही, मला ठाऊक आहे. म्हणून ज्या आठवड्यात जायचं असेल त्या आठवड्यात लांब धावणं शनिवारी सकाळी घ्या, गुरुवारचं बुधवारी सरकवा आणि रविवार मोकळा सोडा. मग रात्री हवं तेवढं खा.

खाण्यापिण्याचं: पळायच्या तासभर आधी एक केळं किंवा दोन बिस्किटं आणि अर्धा ग्लास पाणी. सव्वा तासाच्या आतल्या धावण्यात वाटेत काही खायची गरज नाही. त्यापुढच्या धावण्यात ताशी 30 ते 60 ग्रॅम कार्बोहायड्रेट लागतात. बहुतेक एनर्जी जेलच्या (पळताना चोखायच्या साखरेच्या दाट पाकाच्या) पाकिटात वीस ते पंचवीस ग्रॅम असतात, म्हणजे पहिलं 40 व्या मिनिटाला आणि मग दर 30-35 मिनिटांनी, सोबत पाण्याचे तीन-चार घोट. पाण्याशिवाय जेल घेतलं की पोटात मळमळतं. जेल नको असेल तर साधे बिया काढलेले खजूर, चार-पाच मिळून एका जेलची बरोबरी होते. शेंगदाण्याची चिक्की मात्र खिशात ठेवू नका. तेलकट असल्याने पळताना पचत नाही आणि चावताना श्वास अडकतो. ओआरएसचं पाकीट लिटरभर पाण्यात घातलं की मीठ पुरेसं मिळतं, पण साखर त्यात लिटरला साडेतेरा ग्रॅमच, तेव्हा त्याला खाण्याची जागा देऊ नका. आणि ते अर्ध्या लिटरमध्ये दाट करून पिऊ नका, तहान वाढते.

पाणी किती हे अंदाजाने ठरवण्यापेक्षा वजन करा. निघायच्या आधी आणि आल्यावर घाम पुसून, कमीत कमी कपड्यांत. तासाभरात 700 ग्रॅम उतरलं आणि वाटेत 200 मिलिलिटर प्यायलात तर घाम ताशी 900 मिलिलिटर गेला. ऑक्टोबरच्या उकाड्यात आणि जानेवारीत हा आकडा वेगळा येतो, म्हणून दोनदा मोजा. गेलेलं सगळं पळताना भरायचं नसतं. वजन दोन टक्क्यांच्या आत उतरलेलं चालतं. पळून आल्यावर वजन वाढलेलं दिसलं तर जास्त प्यालात, आणि ते कमी पिण्यापेक्षा धोक्याचं आहे.

आल्यावर पोहे-जलेबी खुशाल खा, रिकाम्या झालेल्या पायांना तेच हवं असतं. पोह्यांत प्रथिनं मात्र नावालाच. वर उसळ घ्या, किंवा घरी दोन अंडी आणि मोठा ग्लास दूध. पळून आल्यावर वीस ग्रॅम प्रथिनं पोटात जातील एवढं बघा.

आता नडगी. बसून पाय पुढे घ्या आणि अंगठ्याने नडगीच्या आतल्या कडेने घोट्यापासून वर दाबत या. दुखणं चार-पाच बोटं रुंदीच्या पट्ट्यात पसरलेलं, पळायला लागल्यावर ठणकणारं आणि पुढे कमी होणारं असेल, तर ते बहुधा नेहमीचं शिन स्प्लिंट्स (जास्त ओझ्याने नडगीच्या कडेला होणारं दुखणं). दुखणं एका बोटाच्या टोकाएवढ्या जागी असेल, रात्री झोपेतही जाणवत असेल, त्या पायावर एकदा उडी मारली तरी कळ येत असेल, तर पळणं आजच थांबवा आणि हाडांच्या डॉक्टरांकडे जा. तो स्ट्रेस फ्रॅक्चर (सततच्या ओझ्याने हाडाला गेलेली बारीक चीर) असू शकतो. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रेमध्ये तो बऱ्याचदा दिसत नाही, त्यामुळे ‘एक्स-रे साफ आहे’ म्हणून लगेच पळायला लागू नका, एमआरआयबद्दल विचारा.

शिन स्प्लिंट्सच असेल तर पूर्ण विश्रांतीपेक्षा ओझं कमी करणं कामाचं. दोन आठवडे अंतर निम्म्यावर, वेगाचं काम बंद, सायकल चालू. दुखण्याला दहापैकी गुण द्या: पळताना तीनपर्यंत आणि दुसऱ्या सकाळी पूर्ववत, तर चालू ठेवा; दुसऱ्या सकाळी जास्त, तर पुढचा दिवस वगळा. पावलं जरा आखूड करा. मिनिटाला 160 पावलं पडत असतील तर 168 करून बघा, वेग तोच ठेवून. पाऊल शरीराच्या फार पुढे पडायचं थांबतं आणि नडगीवरचा झटका कमी होतो. सोबत पोटऱ्यांची ताकद. जिन्याच्या पायरीवर चवड्याने उभं राहा, टाच बाहेर. तीन आकडे मोजत वर, तीन मोजत खाली. एका पायाने 12 वेळा, तीन फेऱ्या. हेच गुडघा थोडा वाकवून पुन्हा. गुडघा सरळ असताना वरची मोठी पोटरी काम करते. वाकवला की तिच्या खालचा सोलिअस नावाचा स्नायू, जो पळताना तुमच्या वजनाच्या कैक पट भार झेलतो आणि बहुतेकांचा कमकुवत असतो. 12 सहज जमू लागले की पाठीला सॅक लावून त्यात पाच किलोची कणकेची पिशवी टाका.

बाकी ताकदीसाठी वीस मिनिटं, आठवड्यातून दोनदा: खुर्चीवर एका पायाने बसणं-उठणं 8, पाठीवर पडून एका पायाने कंबर उचलणं 10, कुशीवरचा प्लँक 30 सेकंद, 20 लिटरचा पाण्याचा जार दोन्ही हातांनी धरून कंबरेतून वाकणं-उठणं 10. तीन फेऱ्या. हे मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी करा, बुधवारी नको. कठीण दिवस कठीणच राहू द्या म्हणजे हलका दिवस खरंच हलका राहतो. बुधवारी ‘आज कमी पळालो’ म्हणून जोर-बैठका काढल्या की मंगळवार ते गुरुवार सलग तीन कठीण दिवस होतात, आणि आपण पुन्हा जिथून निघालो तिथेच.

बुटांच्या आतल्या बाजूला पेनने खरेदीची तारीख लिहा. 500 ते 800 किलोमीटरमध्ये मधला फोम बसतो. खालचं रबर शाबूत दिसतं म्हणून लोक ओढत राहतात. त्या मधल्या फोमवर (मिडसोलवर) आडव्या सुरकुत्या कायमच्या पडल्या किंवा बूट सपाट फरशीवर ठेवल्यावर एका बाजूला कलला, की तो भाजी आणायला वापरा. परवडत असतील तर दोन जोड आलटून-पालटून.

हवामान आणि रस्ता पटकन सांगतो. डिसेंबर-जानेवारीत इंदुरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो, म्हणून सहाला निघालात तर उजळ टी-शर्ट आणि छोटा दिवा हवाच. थंडीत वॉर्म-अप पाच मिनिटं वाढवा आणि हातमोजे घाला. दहा मिनिटांनी नकोसे होतील इतकेच कपडे. शेकोट्यांचा धूर खाली बसलेला असेल त्या सकाळी टेम्पो संध्याकाळवर ढकला. कुत्रं मागे लागलं तर थांबा, तोंड त्याच्याकडे ठेवा आणि हळूहळू मागे सरका. चावलंच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा आणि लस त्याच दिवशी. पावसाळ्यानंतर डेंगू-चिकनगुन्याचे दिवस असतात. ताप असताना पळायचं नाही, आणि ताप गेल्यावरही निदान आठवडाभर फक्त चालायचं. चिकनगुन्यानंतर सांधे धरलेले असतील तर त्याहून जास्त.

शेवटच्या आठ-नऊ आठवड्यांत साचा तोच, फक्त मंगळवारचा टेम्पो लांबतो (2 वेळा 15, मग 25 मिनिटं सलग) आणि किलोमीटर 45 च्या आसपास थांबतात. त्याआधी येणाऱ्या दिवाळीच्या आठवड्याला उतरता आठवडा धरा. फराळ, पाहुणे, प्रवास सगळं त्यात बसतं. डिसेंबरच्या शेवटी साडेबारा फेऱ्यांची चाचणी पुन्हा घ्या. 28:20 च्या आत आलं तर शर्यत 6:10 ने सुरू करा. 28:40 आलं तर 6:15 ने निघा आणि पंधराव्या किलोमीटरनंतर ठरवा. शर्यतीच्या आधीच्या दुसऱ्या आठवड्यात 30 किलोमीटर, शेवटच्या आठवड्यात शर्यत सोडून 14-15, पण दोन्ही मंगळवारी 6:05 चे दोन-तीन छोटे तुकडे ठेवा. वेग पूर्ण सोडला तर पाय जड होतात. शेवटच्या गुरुवारी चढ नको, स्ट्राइड चारच.